अंदाज चुकला तर दोष कुणाचा, हे पावसाआधी ठरवा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या धरणांमधून पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारे सर्व अधिकारी,
जलसंपदा विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण.

विषय : पावसाच्या अंदाजावरून धरणांची पातळी आधीच सांभाळण्याबाबत, आणि त्यातली जबाबदारी लेखी ठरवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत माझं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे आणि प्रयाग चिखलीत नदीकाठाला वडिलोपार्जित जमीन आहे. जमिनीत ऊस असतो, पावसाळ्यात कधी कधी फक्त पाणी असतं. दोन्ही कामांमुळं मला एकाच गोष्टीचा नाद लागलाय : एखादी पातळी हाताबाहेर जायच्या आधी ती कशी राखायची. त्याबद्दलच हे पत्र आहे. तक्रारअर्ज म्हणून ते वाचू नये. 2019 आणि 2021 च्या पुरात तुमची माणसं रात्र-रात्र कंट्रोल रूममध्ये आणि धरणावर बसून होती, हे आम्हाला माहीत आहे.

पावसाळ्यात कोल्हापूरकराचा दिवस एका मेसेजनं सुरू होतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, पाण्याखालचे बंधारे अमुक, राधानगरी इतके टक्के, विसर्ग इतके क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. मग एखाद्या पहाटे येतं, ‘राधानगरीचा 6 नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला’. गल्लीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचतं, आणि चिखली-आंबेवाडीत लोक जनावरं सोडायला लागतात. या मेसेजची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट घडून गेलेली असते. परवा दुपारी राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती असेल, आणि ते तेवढं होऊ नये म्हणून आज कोणत्या धरणातून किती सोडतोय, हे त्यात कधीच नसतं.

राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांचा आम्हाला अभिमान आहे. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाचे हे सात दरवाजे पातळी पूर्ण भरली की पाण्याच्याच दाबानं उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. वीज नको, मोटर नको, चावी फिरवायला माणूस नको. असेच दरवाजे विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला बसवले होते. त्या काळात याहून चोख नियंत्रण नव्हतं. पण या दरवाजाला फक्त आत्ताची पातळी कळते. दाजीपूरच्या जंगलावर पुढचे तीन दिवस काय कोसळणार आहे, याचा त्याला पत्ता नसतो. तो उघडतो तेव्हा धरणात मोकळी जागा उरलेलीच नसते, आणि नेमक्या त्याच वेळी खाली नदीही फुगलेली असते.

आमच्या धंद्यात याला तोडगा आहे आणि तो काही नवा नाही. फौंड्रीतल्या भट्टीचं तापमान वाढून गेल्यावर मग वीज कमी करायची, असं कुणी करत नाही. धातू किती आहे, किती वेळात तापणार, हे गणितात धरून आधीच हात आखडता घेतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी 1970 च्या दशकात ही रीत पक्की केली आणि पुढं ती पाण्याकडंही आली. नेदरलँड्समध्ये कालव्यांची आणि तलावांची पातळी याच पद्धतीनं सांभाळण्याचे प्रयोग झालेत. मराठीत त्याला अंदाजाधारित नियंत्रण म्हणता येईल.

काम चालतं ते असं. धरणात आत्ता किती पाणी आहे ते मोजायचं. पुढच्या चार-पाच दिवसांत किती पाऊस पडेल आणि त्यातलं किती पाणी धरणात येईल, याचा अंदाज घ्यायचा. एकच अंदाज घ्यायचा नाही. वीस-तीस वेगवेगळे घ्यायचे, म्हणजे अंदाजाची खात्री किती तेही कळतं. मग संगणकाला विचारायचं : दरवाजे असे-असे उघडले तर धरणाची पातळी काय होईल आणि खाली नदीची काय होईल? शेकडो पर्यायांतून तो सर्वांत कमी नुकसानीचा पर्याय काढतो. यानंतरची पायरी बरेच जण विसरतात. पाच दिवसांचा आराखडा तयार झाला तरी त्यातला फक्त पहिल्या तीन-चार तासांचा भाग अमलात आणायचा. चार तासांनी पुन्हा पातळी मोजायची, नवा अंदाज घ्यायचा, जुना आराखडा फेकून द्यायचा आणि नवा करायचा. रात्रंदिवस हेच. त्यामुळं अंदाज तंतोतंत खरा ठरायची गरज राहत नाही. तो चुकतोय हे वेळेत लक्षात आलं की चूक मोठी व्हायच्या आत सुधारता येते.

आज तुम्ही जलाशय परिचालन सूचीवर, म्हणजे खात्यातल्या भाषेत आरओएसवर चालता. अमुक तारखेला धरणात इतकाच साठा असावा, असं ती सांगते. मागच्या अनेक वर्षांच्या पावसावरून ती केलेली असल्यानं सरासरी वर्षात ती ठीक चालते. पण 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पलीकडं गेलं, धोका पातळीच्या बारा फूट वर. 2025 ला मे महिन्यातच पावसानं ठाण मांडलं आणि बऱ्याच ठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायच्या आत पाणी वरून वाहायला लागलं. उलट 2023 च्या जूनमध्ये आम्ही आभाळाकडं बघत बसलो होतो. कॅलेंडरवर बांधलेली सूची अशा वर्षांना कशी पुरणार?

याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे, आणि त्यात पूर आणि दुष्काळ दोन्ही येतात. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो नावाचा धरणाचा तलाव आहे. 2012 च्या डिसेंबरात मोठा पाऊस झाला, तलावात पाणी आलं. पुरासाठी जागा रिकामी ठेवायची असा जुना नियम असल्यानं ते पाणी सोडून देण्यात आलं. पुढच्या 2013 सालात पाऊसच झाला नाही आणि तलावाचा तळ दिसायला लागला. नियम पाळला गेला, पाणी गेलं. त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि धरण चालवणाऱ्या लष्करी अभियंत्यांनी मिळून वेगळी पद्धत बसवली : मोठं वादळ अंदाजात दिसत नसेल तर पाणी धरून ठेवायचं, दिसायला लागलं तर आधी जागा करायची. 2019-20 च्या हिवाळ्यात तिची चाचणी झाली. ते साल कोरडं गेलं, तरी तलावात जुन्या नियमानं राहिलं असतं त्यापेक्षा 19 टक्के जास्त पाणी राहिलं. आपल्या मापात ते साधारण अर्धा टीएमसी, म्हणजे अर्धा अब्ज घनफूट भरतं. यासाठी धरण उंच करावं लागलं नाही की नवं बांधावं लागलं नाही. फक्त नियम बदलला.

तिथला पाऊस वेगळा, आपला वेगळा, हे मान्य. गगनबावड्याला वर्षात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणूनच ‘कोल्हापूर जिल्ह्याला रेड अलर्ट’ या वाक्याचा धरणावरच्या माणसाला काही उपयोग नाही. त्याला कळायला हवं की राधानगरीच्या, तुळशीच्या, कुंभीच्या, कासारीच्या पाणलोटात प्रत्येकी किती पाऊस पडणार आणि त्यातून उद्या संध्याकाळपर्यंत किती टीएमसी पाणी येणार.

आता थोडं गणित, कारण नुसत्या संगणकाची मागणी करून मी मोकळा झालो तर तुम्ही हसाल, आणि बरोबरच हसाल. 1 टीएमसी पाणी चोवीस तासांत सोडायचं तर सुमारे 11,574 क्युसेक विसर्ग लागतो. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा 1,428 क्युसेक सोडतो. सातही उघडले की 9,996, आणि वीजगृहातले सुमारे 1,500 धरले की दिवसाला जेमतेम 1 टीएमसी. धरणाची क्षमता 8.36 टीएमसी. म्हणजे सगळं उघडं असताना आठवा हिस्सा रिकामा करायला एक दिवस लागतो. पण हे सात दरवाजे पातळी भरल्याशिवाय उघडतच नाहीत! आधी जागा करायची तर हाताशी राहतो मुख्यतः वीजगृहाचा विसर्ग. त्यानं 1 टीएमसी कमी करायला आठवडा लागेल, आणि भरवशाचा अंदाज मिळतो चार-पाच दिवसांचा. वरून आवक चालू असली तर एवढंही साधणार नाही.

तेव्हा माझी पहिली मागणी लोखंडाची आहे. खालच्या पातळीवरून, हवं तेव्हा, हवं तितकंच पाणी सोडता येईल असे भक्कम दरवाजे राधानगरीला हवेत, आणि जे आहेत ते पावसाळ्याआधी चालवून बघितलेले हवेत. 2021 च्या डिसेंबरात एका दरवाजाचं काम सुरू असताना तो उघडाच अडकला आणि ऐन थंडीत धरणाखालच्या भोगावती नदीला पूर आल्यासारखं झालं, हे काठावरची माणसं विसरलेली नाहीत. दार हलत नसेल तर पुण्यात बसलेला सर्वांत हुशार संगणकसुद्धा काय करणार?

दुसरी मागणी कागदाची आहे, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडलंय.

एखाद्या कार्यकारी अभियंत्याच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. 20 जुलै आहे, धरण 85 टक्के भरलंय. अंदाज सांगतोय की परवापासून तीन दिवस मुसळधार. आज अर्धा टीएमसी सोडला तर जागा होईल. सोडला आणि पाऊस आला, तर पूर थोडा कमी येईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण न आलेल्या पाण्याचा फोटो कुणी काढत नाही. सोडला आणि पाऊस आलाच नाही, तर सप्टेंबरात पेपरात मथळा येईल, चौकशी लागेल, विधानसभेत प्रश्न विचारला जाईल : पाणी वाया घालवणारा हा अधिकारी कोण? आणि समजा काहीच केलं नाही, सूचीप्रमाणे धरण भरत नेलं, मग अतिवृष्टी झाली आणि गावं बुडाली, तर? ती नैसर्गिक आपत्ती. सूची पाळलेली, कागद स्वच्छ. अशा हिशेबात शहाणा माणूस काय करेल? मीही तेच केलं असतं.

हा प्रश्न काही एकट्या कोल्हापूरचा नाही. 2006 ला उकाई धरणाच्या विसर्गानंतर सुरत बुडालं, 2018 ला केरळात एकामागोमाग एक दरवाजे उघडावे लागले. दोन्ही वेळा नंतर वाद तोच झाला, की धरणं आधीच एवढी भरून का ठेवली होती. उत्तर तांत्रिक भाषेत दिलं जातं, पण मूळ कारण साधं आहे : अंदाजावर विश्वास ठेवून चुकलेल्याला शिक्षा आहे, अंदाजाकडं पाठ फिरवून चुकलेल्याला नाही.

म्हणून पावसाळ्याआधी एक लेखी नियम करा आणि तो जाहीर करा. अमुक तारखेला साठा इतका असेल, पुढच्या तीन दिवसांत इतकी आवक येण्याची शक्यता इतक्या टक्क्यांहून जास्त असेल, तर इतकं पाणी आधी सोडायचं. त्यानुसार सोडलं आणि अंदाज चुकला, तर निर्णय घेणाऱ्याला जबाबदार धरलं जाणार नाही. नियमात बसत असताना सोडलं नाही, तर का नाही, हे त्यानं लिहून द्यायचं. एवढं एक पान जरी जिल्हाधिकारी आणि मुख्य अभियंत्यांच्या सहीनं निघालं, तरी कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

त्या नियमात तारखेला फार महत्त्व आहे. जुलैच्या शेवटी अर्धा टीएमसी आधी सोडणं आणि सप्टेंबरच्या शेवटी सोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुलैअखेर राधानगरी भरत आलेली असते आणि बहुतेक वर्षी त्यानंतर कित्येक दिवस सांडव्यावरून पाणी जातच राहतं. तेव्हा केलेली जागा पुन्हा भरण्याची खात्री मोठी. सप्टेंबरअखेर केलेली जागा रिकामीच राहू शकते. किती मोठी खात्री, किती धोका, हे सांगायला परदेशी सल्लागार नको. धरणाच्या स्वतःच्या नोंदवह्या आहेत, कित्येक दशकांच्या. त्यातून प्रत्येक तारखेचा हिशेब निघेल. माझ्या वर्कशॉपमधला डिप्लोमा झालेला पोरगा तो आठवड्याभरात काढून देईल. पण वह्या उघडायला हव्यात.

दुष्काळाची बाजू मी हलकी धरत नाही. पुराबद्दल लिहिणारे बरेच जण ती विसरतात, कारण ते शहरात राहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या नळाला पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये उपसाबंदी लागते तेव्हा काठावरच्या शेतकऱ्याची मोटर बंद, ऊस उभ्या-उभ्या वाळतो, आणि आवर्तन कधी येणार याच्यावर गावागावांत भांडणं होतात. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. ते कृष्णेचं पाणी. ज्या नदीनं तीन वर्षांनी सांगली बुडवली, तीच. आता कोल्हापूर शहराचं पाणीही 2023 च्या दिवाळीपासून थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणावरून येतं. म्हणजे धरणातला प्रत्येक टीएमसी कुणाच्या तरी नळाशी बांधलेला आहे. तेव्हा ‘पुराच्या भीतीनं धरणं अर्धी ठेवा’ अशी जी मागणी दर पुरानंतर होते, ती मला पटत नाही. अर्धं धरण म्हणजे मेंडोसिनोचा जुना नियम. आम्हाला हवंय ते अंदाज बघून तीन दिवसांसाठी थोडं खाली जाणारं आणि पुन्हा भरणारं धरण.

आणि तरीही कधीतरी अंदाज चुकेल, धरण पूर्ण भरणार नाही, उपसाबंदी आठ दिवसांनी वाढेल. त्याची भरपाई कुणी द्यायची, हेही त्याच पानावर लिहा. पूर आल्यावर पंचनामे करून सरकार पैसे देतंच. पूर टाळण्यासाठी पाणी सोडलं म्हणून ज्याचा ऊस वाळला, त्याला द्यायला हरकत काय? हिशेब मांडलात तर ही रक्कम स्वस्तात पडेल.

पुराचं नुकसान म्हणजे काय हे आकड्यांत सांगितलं जातं, हेक्टर आणि कोटी. मी जवळून बघितलेलं सांगतो. उसाच्या बुडख्यात पाणी राहिलं तर ऊस तग धरतो. शेंड्यावरून पाणी गेलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ बसतो. पाणी उतरल्यावर शेत वरून हिरवं दिसतं, फोटोत तर छानच दिसतं. आठ-दहा दिवसांनी पोंगा ओढला की तो हातात येतो, कुजलेला, वास मारणारा. मग कांडीचे डोळे फुटतात, पांगशा निघतात, वजन जातं. म्हणजे माझ्या रानात पीक जगणार की जाणार हे ठरतं पाण्याच्या शेवटच्या दोन-तीन फुटांवर आणि ते किती दिवस थांबलं यावर. अंदाजाधारित नियंत्रणानं 2019 चा पूर टळला असता असं मी म्हणत नाही. धरणांच्या खाली पडणारा पाऊस, ओढे-नाल्यांचं पाणी, नदीपात्रातली अतिक्रमणं आणि भराव, यावर कुठल्याही धरणाच्या दाराचा ताबा नाही. पण शिखरावरचा एखादा फूट कमी झाला, आणि पूर दोन दिवस आधी ओसरला, तर शिरोलीजवळचा महामार्ग दोन दिवस आधी उघडतो, शहरातलं पेट्रोल-दूध आधी येतं, आणि कित्येक एकरांतला पोंगा वाचतो. एवढ्यासाठीच मी हे लिहितोय.

संगणकाला ‘सर्वांत कमी नुकसान’ काढायला सांगताना आणखी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती तांत्रिक नाही. कुणाच्या नुकसानीला किती वजन द्यायचं? शिरोळच्या शेतात दोन दिवस जास्त पाणी थांबणं, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मूर्ती भिजणं, मे महिन्यात आठ दिवस उपसाबंदी, वीजगृहाची बुडालेली वीज. यातलं काय किती जड? गणितात हे आकडे कुणीतरी भरतंच. बंद खोलीत सल्लागारानं भरले तर तेच आमचं नशीब ठरेल. म्हणून ते आकडे उघड्यावर, जिल्हा परिषदेत, पाणीवापर संस्थांसमोर, शिरोळ-करवीर-राधानगरीच्या लोकांना बोलावून ठरवा. भांडण होईल. पावसाळ्यात होण्यापेक्षा एप्रिलमध्ये झालेलं बरं.

काठावरच्या मोटारींचंही एक बंधन त्या गणितात घाला. विसर्ग अचानक वाढवला की काठावर बसवलेल्या मोटारी बुडतात. त्या काढायला शेतकऱ्याला दिवसाचा उजेड आणि चार माणसं लागतात. पाणी टप्प्याटप्प्यानं आणि आधी सांगून सोडलं, तर आधीच्या विसर्गानं कुणाचं काही बिघडत नाही.

यंत्रणा शून्यापासून उभारा असं मी म्हणत नाही. जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पाऊस आणि पातळी आपोआप मोजणारी केंद्रं, आणि त्यावरून नदीचा प्रवाह आधी सांगून धरणं कशी चालवायची ते सुचवणारी प्रणाली तुमच्याच खात्यानं करून घेतली आहे. म्हणजे मी मागतोय त्याचा पाया तुमच्याकडं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या प्रणालीचा अंदाज रोज सकाळी त्या फूट-इंचाच्या मेसेजमध्ये घाला. ‘राजाराम बंधारा, 48 तासांनंतर : 38 ते 42 फूट’ अशी एक ओळ. चुकेल कधीकधी. चुकू दे. इथल्या माणसाला आभाळाचा अंदाज चुकतो हे कळतं. त्याला राग येतो तो अंदाज लपवल्याचा. आणि रोज जाहीर होणारा अंदाज सुधारतो, कारण त्याच्यावर लोकांची नजर असते. पुरात वीज गेली आणि केंद्राला रेंज नसली तर बंधाऱ्यावर पट्टी वाचणाऱ्या माणसाचा फोन मात्र चालू ठेवा. सेन्सर विकणारा माणूस हे सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पंचगंगेपुरतं बघून भागणार नाही, हेही खरं. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्यामुळं कोयनेचे 105 टीएमसी आणि वारणेचे 34 टीएमसी कधी आणि कसे सोडले जातात यावर आमचा पूर अवलंबून आहे. तिन्हीकडचं पाणी एकाच वेळी वाडीला पोचणार नाही अशी वेळ साधणं, हेच या सगळ्या गणिताचं खरं काम. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल दरवर्षी बोललं जातं. तिथली पातळी पावसाळ्यात 517 मीटरवर राखावी ही मागणी रास्त आहे आणि उंची वाढवण्याला असलेला विरोधही. पण कर्नाटकाकडं ‘अंदाज बघून आधी जागा करा’ म्हणून मागायला जायचं, आणि आपल्या धरणांवर तो नियम लावायचा नाही, हे कसं चालेल?

मोठ्या धरणावर हात घालायची भीती वाटत असेल तर कळंब्यापासून सुरुवात करा. कळंबा तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला की ते पाणी जयंती नाल्यानं शहरात उतरतं, आणि उन्हाळ्यात त्याच तलावाच्या पाण्यावर काही भागाची तहान भागते. पूर आणि टंचाई दोन्ही एका लहान तलावात. एक चांगला दरवाजा, पातळी मोजायचा एक सेन्सर, पाणलोटात दोन पर्जन्यमापक, आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधली चार पोरं. महापालिकेनं तलाव दिला तर दोन पावसाळे चालवून बघू. चुकलो तरी शहर बुडणार नाही, आणि शिकू तेवढं राधानगरीला कामाला येईल. पॅनेल मी बनवून देतो, पैसे नकोत.

शेवटी तीन विनंत्या. मेअखेरच्या मान्सूनपूर्व बैठकीत आधी पाणी सोडण्याचा लेखी नियम विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्या बैठकीला पूरपट्ट्यातल्या गावांचे सरपंच आणि पाणीवापर संस्थांचे प्रतिनिधी बोलवावेत. राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी आणि वारणा यांच्या तारीखवार साठ्याच्या आणि विसर्गाच्या जुन्या नोंदी सर्वांना बघायला खुल्या कराव्यात. आणि प्रत्येक धरणातून, पातळी पूर्ण भरण्याआधी, दिवसाला जास्तीत जास्त किती पाणी सोडता येतं, तो आकडा जूनच्या पहिल्या आठवड्यात जाहीर करावा. तो आकडा कळला की कोणत्या धरणाला आधी नवे दरवाजे लागतील, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आपला,
प्रयाग चिखलीचा एक शेतकरी आणि शिरोली एमआयडीसीतला एक लघुउद्योजक